गढूळ असू दे, घाई नको

बेल्जियममधल्या लूव्हनला तुझे मित्रमैत्रिणी झाले की कुणीतरी पांढऱ्या बिअरचा ग्लास तुझ्यापुढे ठेवणारच. या बिअरचं गाव हूगार्डन तिथून फार लांब नाही. म्हणून चार गोष्टी आत्ताच कानावर घालतो, पोरी. पहिली म्हणजे तहान लागली असेल तर आधी पाणी पी, पोटात काहीतरी असू दे, मग ग्लास उचल. ही बिअर पाच टक्क्यांच्या आसपासची आणि घशाखाली फार सहज उतरणारी आहे. तिथेच फसायला होतं.

बाटली घेताना तारीख बघ. बेल्जियममधल्या काही दाट, कडक बिअर लोक वर्षानुवर्षं जपून ठेवतात, पण ही त्यातली नाही. हिच्यातला संत्र्याच्या सालीचा ताजा वास सगळ्यात आधी उडतो, आणि तो उडाला की उरतं ते नुसतं गव्हाचं पाणी. दुकानाच्या खिडकीत उन्हात मांडलेली बाटली तर घेऊच नकोस.

ग्लास साबणाचा किंवा तेलकट राहिला असेल तर फेस टिकत नाही, म्हणून नीट धुऊन गार पाण्याने खळखळून घे. ग्लास तिरका धरून आधी दोन तृतीयांश बाटली ओत. मग थांब. उरलेली बिअर बाटलीतच हलके फिरव, म्हणजे तळाचं यीस्ट सुटेल, आणि मग ती वरून सोड. नवखे लोक गाळ म्हणून ते टाकून देतात. अर्धी चव तिथेच जाते. गढूळपणा यीस्टचा आणि कच्च्या गव्हातल्या प्रथिनांचा असतो, त्यात बिघडलेलं काही नाही. उलट ही बिअर लख्ख नितळ दिसली तर मला शंका येते.

आता चवीचं. तिच्यात साधारण निम्मा गहू असतो, तोही माल्ट न केलेला, बाकी जवाचं माल्ट आणि कधी मूठभर ओट्स. हॉप्स अगदी बेताचे. वर धने आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल. धने म्हटल्यावर तुला आपला मसाल्याचा डबा आठवेल, आणि तो आठवायला लागला तर बिअर जमलेली नाही असं समज. आमटीत हिंग असावा पण दाताखाली येऊ नये, तसंच हे. धने शिळे असले किंवा जास्त पडले तर सेलरीच्या देठासारखा, कधी खारवलेल्या मांसासारखा वास येतो. सालीचा पांढरा भाग जास्त गेला तर जिभेच्या मागे चरचरीत कडवटपणा राहतो. गव्हामुळे तोंडात मऊपणा हवा, जडपणा नको. यीस्टचा मिरीसारखा किंचित ठसका आणि शेवटी जराशी आंबूस, कोरडी सांगता झाली की ओठ आपोआप पुढच्या घोटाकडे वळतात. संत्र्याच्या सरबतासारखी गोड लागली तर ती मला बिअर वाटत नाही, कुणी कितीही कौतुक करो.

पण पहिल्या घोटावर निकाल देऊ नकोस. बर्फासारख्या थंडीत सगळे दोष लपतात. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांब, आणि ग्लास निम्मा झाल्यावर, थोडी ऊब आल्यावर पुन्हा नीट चाख. तेव्हाही एकही चव दुसरीवर चढलेली नसेल तर करणाऱ्याचा हात खरा.

लिंबाची फोड? आधी निम्मा ग्लास तिच्याशिवाय पी. फोडीच्या तेलाने फेस बसतो आणि आतली साल कशी जमली आहे तेच कळत नाही. संत्र्याची चकती ही तर अमेरिकेची सवय, 1995 मध्ये आलेल्या ब्लू मून या बिअरबरोबर रुजलेली.

आणि पिएर सेलिस हे नाव लक्षात ठेव. हूगार्डनमध्ये एकेकाळी तीसहून अधिक ब्रुअरी होत्या. टॉमसिन ही शेवटची 1950 च्या दशकात बंद पडली. सेलिस दूधवाला. त्याचं घर टॉमसिनला लागून होतं, आणि पोरवयात तो तिथे हाताखाली काम करायचा. जे पाहिलं, चाखलं होतं त्याच्या जोरावर त्याने 1966 मध्ये गावाची ही पांढरी बिअर पुन्हा सुरू केली. 1985 मध्ये ब्रुअरीला आग लागली, उभारणीसाठी मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला, आणि शेवटी तो बाहेर पडला. 1992 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला त्याने नवी ब्रुअरी काढली. पुढे कंपनीने हूगार्डनचं उत्पादन दुसऱ्या गावी, ज्युपिलला हलवायचं ठरवलं, तेव्हा गाव रस्त्यावर उतरलं. 2007 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. एका दूधवाल्याच्या जिभेने जपलेली चव गावाने अशी धरून ठेवली, याचा मला फार आदर वाटतो. एकदा टीनेनपर्यंत रेल्वेने जा, तिथून गाव जवळच आहे.

सोबत मसाला नको, उकडलेले शिंपले माग. सुट्टीत पुण्याला आलीस तर इथल्या ब्रूपबमध्येही ही मिळते. मात्र आधी चाखण्यापुरती माग. तोंडाला लावायच्या आत धन्याचा वास नाकात भरला, तर दुसरं काहीतरी घे.