ग्रंथालयांचे कार्यक्रम आणि ग्रंथांची देवघेव
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांसाठी एक वार्षिक आखणी

सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे केवळ ग्रंथांचा संग्रह नव्हे, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. जयंत्या, पुण्यतिथ्या, व्याख्याने, ग्रंथप्रदर्शने, कविसंमेलने असे उपक्रम लहानमोठी ग्रंथालये वर्षभर पार पाडीत असतात. परंतु या कार्यक्रमांचे फलित काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रतिमेला हार घातला, पाहुण्यांचे भाषण झाले, आभारप्रदर्शन झाले आणि दुसऱ्या दिवशी देवघेव नोंदवहीत एकाही नव्या वाचकाची भर पडली नाही, तर तो कार्यक्रम ग्रंथालयाचा झाला असे म्हणता येणार नाही. तो कोणत्याही सभागृहात होऊ शकला असता. कार्यक्रमाची आखणी वाचकाला ग्रंथापर्यंत नेण्याच्या दृष्टीने कशी करता येईल, याचा विचार मराठवाड्यातील या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात येथे केला आहे.

मराठवाड्याची परंपरा

मराठवाड्यात वाचनालयांना आरंभापासूनच निराळे महत्त्व प्राप्त झाले. निजामी राजवटीत शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. हैदराबाद येथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूतूनच शिक्षण दिले जाई. त्यातच ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमामुळे सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. अशा काळात चार माणसांनी एकत्र बसून मातृभाषेतील वृत्तपत्र व पुस्तक वाचावे, त्यावर बोलावे, अशी जागा म्हणजे वाचनालय होय. ही गोष्ट मराठी भाषकांपुरती मर्यादित नव्हती. हैदराबादेत १९०१ साली स्थापन झालेल्या श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् या ग्रंथालयाने तेलुगू भाषकांसाठी हेच कार्य केले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५५ साली हैदराबाद राज्याने ग्रंथालयविषयक कायदा केला, आणि राज्यपुनर्रचनेनंतर महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला. या अधिनियमामुळे शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार परिरक्षण अनुदान मिळू लागले. ग्रामपंचायतीच्या दृष्टीने आणखी एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत ग्रंथालये व वाचनालये स्थापन करणे आणि ती चालविणे हा विषय समाविष्ट आहे. म्हणजेच गावातील वाचनालय हा पंचायतीच्या कर्तव्यांपैकी एक विषय आहे.

अभ्यासिका आणि ग्रंथालय

आज या दोन जिल्ह्यांतील वाचनकक्षांत तरुणांची गर्दी दिसते, ही समाधानाची बाब आहे. लातूर व नांदेड ही दोन्ही शहरे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी राज्यभर प्रसिद्ध आहेत. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. तथापि, यातील बहुसंख्य विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि बसण्यासाठी शांत जागा एवढीच ग्रंथालयाकडून त्यांची अपेक्षा असते. कपाटांतील ग्रंथ मात्र तसेच राहतात. ज्या घरात अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही, त्या घरातील मुलामुलींना अभ्यासिका हा मोठा आधार आहे. तेव्हा ती बंद करणे हा यावरील उपाय नव्हे. अभ्यासिकेत येणारा विद्यार्थी ग्रंथालयाचा वाचक कसा होईल, हे पाहिले पाहिजे. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, एका ग्रंथाचा परिचय करून देण्याचा उपक्रम या दृष्टीने उपयुक्त ठरेल. परिचय करून देणारा त्याच विद्यार्थ्यांपैकी असावा, आणि ज्याचा परिचय झाला तो ग्रंथ त्याच वेळी टेबलावर, घरी नेण्यासाठी उपलब्ध असावा.

वर्षाची आखणी

शासनाने व संस्थांनी ठरविलेले दिवस पुष्कळ आहेत. ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले यांची जयंती, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. याखेरीज प्रत्येक जिल्ह्यात ग्रंथोत्सव होतो. या सर्वांना सारखेच महत्त्व देण्याचा प्रयत्न केल्यास मनुष्यबळ व पैसा दोन्ही अपुरे पडतील. त्यामुळे लहान ग्रंथालयाने वर्षातून चार-पाच कार्यक्रम निवडून ते नीट करावेत, हे इष्ट होय.

निवड करताना गावाचे स्वतःचे वर्षमान पाहावे. मुखेड, कंधार, जळकोट यांसारख्या डोंगराळ भागांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नोव्हेंबरातील ग्रंथालय सप्ताह त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. अशा गावी मुलांसाठीचा मुख्य कार्यक्रम एप्रिलच्या अखेरीस ठेवावा. स्थलांतराच्या पूर्वी मुलांना पुस्तकांची एक छोटी पेटी सोबत देता आली तर अधिकच उत्तम. काही पुस्तके फाटतील, काही परत येणार नाहीत, हे गृहीत धरून कार्यकारी मंडळाने तसा ठराव आधीच करून ठेवावा. अन्यथा त्याची जबाबदारी एकट्या ग्रंथपालावर येते आणि पुढील वर्षी पेटी कपाटातच राहते.

श्रावणात पोथी लावण्याची प्रथा मराठवाड्याच्या गावोगावी आहे. एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे, मध्ये थांबून अर्थ सांगावा, ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. ग्रंथालयाने हिचाच अवलंब करून पावसाळ्यात एक चरित्र किंवा कादंबरी लावावी. ज्यांना वाचता येत नाही किंवा वयोमानाने दिसत नाही, अशा श्रोत्यांनाही त्यामुळे ग्रंथालयात स्थान मिळेल. स्त्रियांसाठी अशी बैठक दुपारी व वस्तीजवळ ठेवल्यास उपस्थिती वाढण्याचा संभव अधिक.

१७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन सर्वत्र साजरा होतो. या दिवशी भाषणाइतकेच महत्त्व ग्रंथांना द्यावे. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ तसेच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी प्रत्येक ग्रंथालयात असावयास हव्यात. लढ्यात प्रत्यक्ष भाग घेतलेली पिढी आता जवळजवळ काळाच्या पडद्याआड गेली आहे. त्यांच्या घरांतील पत्रे, छायाचित्रे, कागदपत्रे यांची नोंद करून प्रती ग्रंथालयात ठेवणे हे काम शाळेतील वरच्या वर्गांच्या साह्याने करता येईल. लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर हा असाच एक दिवस आहे. १९९३च्या किल्लारी भूकंपाच्या आठवणी सांगू शकणारी माणसे आज गावोगावी आहेत. त्या आताच लिहून घेतल्या पाहिजेत.

लेखक व भाषा

आपल्या परिसरातील लेखकाचे स्मरण हा कार्यक्रम कमी खर्चाचा व परिणामकारक असतो. नांदेड ही नरहर कुरुंदकर यांची कर्मभूमी; तेथील पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य होते. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. चिपळूण येथे २०१३ साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले यांचा जन्म मुखेडचा. २०२२ साली तर हे संमेलन लातूर जिल्ह्यातील उदगीर येथेच भरले. अशा मोठ्या संमेलनानंतर परिसरातील ग्रंथालयांनी तेथे चर्चिल्या गेलेल्या ग्रंथांची खरेदी व चर्चा केली, तरच त्या उत्साहाचा काही अंश गावात टिकून राहतो.

हे दोन्ही जिल्हे सीमेवरील आहेत, हेही विसरता कामा नये. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरकडे गोंडी व बंजारा बोली, आणि नांदेड शहरात उर्दू व पंजाबी कानी पडते. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला त्या भाषेतील एक गोष्ट ग्रंथालयात सांगावयास मिळाली, तर मराठी पुस्तकाकडेही ते आपलेपणाने वळेल. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेसारख्या मोठ्या मेळ्यात ग्रंथांचे दालन मांडणे, हा वाचकांपर्यंत स्वतः जाण्याचा आणखी एक मार्ग आहे.

फलिताची मोजणी

प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल लिहिताना उपस्थितांच्या संख्येबरोबर तीन आकडे नोंदवावेत : कार्यक्रमापूर्वीच्या पंधरवड्यातील देवघेव, नंतरच्या पंधरवड्यातील देवघेव आणि नव्याने झालेले सभासद. यासाठी वेगळा खर्च येत नाही, नोंदवही असतेच. अनामत रक्कम भरता येत नाही म्हणून परत जाणाऱ्यांचीही नोंद ठेवावी. त्यांच्यासाठी शिक्षकाची किंवा पंचायत सदस्याची हमी पुरेशी मानण्याचा निर्णय कार्यकारी मंडळ घेऊ शकते. वर्षअखेरीस हे आकडे ग्रामसभेपुढे ठेवल्यास कोणता कार्यक्रम चालू ठेवावा व कोणता सोडावा, याचा निर्णय गावच करील.

अनुदान वाढले पाहिजे, इमारती हव्यात, सेवकांचे वेतन सुधारले पाहिजे, या मागण्या रास्त आहेत. त्या मांडताना ग्रंथालयाजवळ असलेला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे भरलेली देवघेव नोंदवही होय. ज्या प्रदेशात एके काळी चार जणांनी एकत्र बसून वाचणे हेही धाडसाचे होते, तेथे आता बसण्यास परवानगी लागत नाही. येत्या वर्षाचे कार्यक्रम ठरविताना ग्रंथपाल, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एकत्र बसून पहिली नोंद कोणत्या ग्रंथाची व कोणत्या वाचकाची करावयाची, एवढे निश्चित केले तरी आखणीस योग्य आरंभ होईल.