मतपेटीचे पहारेकरी

लोकशाहीत मत देणारा प्रत्येक नागरिक हाच राज्याचा धनी असतो. म्हणूनच मतदान निर्भयपणे, गुप्तपणे व न्यायाने पार पडते की नाही, हे पाहण्यासाठी अनेक देशांत निरीक्षक असतात. निरीक्षक कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही व मतदानाच्या कामात ढवळाढवळ करीत नाही. जे दिसेल, जे ऐकू येईल, ते तो टिपून घेतो व मागाहून त्याचा वृत्तान्त सादर करतो.

परंतु ज्याला दिसत नाही किंवा चालता येत नाही, त्याला हे काम करता येईल काय? इंडोनेशियातील अपंग नागरिकांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृतीने दिले आहे.

इंडोनेशिया हा हजारो बेटांचा देश. निवडणुकीच्या दिवशी तेथे कोठे शाळेत, तर कोठे मांडव घालून मतदान केंद्रे उभारली जातात. 2019 च्या निवडणुकीत अशी आठ लाखांहून अधिक केंद्रे होती. तेथील मतदार मतपत्रिकेवर शिक्का मारीत नाही; पसंतीच्या नावावर किंवा चित्रावर तो खिळ्याने भोक पाडतो. नंतर शाईत बोट बुडवून तो बाहेर पडतो.

2014 च्या निवडणुकीत अपंग स्त्रीपुरुष इतर निरीक्षकांच्या बरोबरीने मतदान केंद्रांवर गेले. वाटेत पायरी किंवा गटार आहे काय, मेज फार उंच आहे काय, खुर्चीत बसलेल्याचा हात मतपेटीपर्यंत पोहोचतो काय, हे त्यांनी तपासले. धडधाकट मनुष्य एखादी पायरी सहज चढून जातो आणि लगेच विसरतो. चाकांच्या खुर्चीवरील मतदाराला मात्र तीच पायरी भिंतीसारखी आडवी येते.

अंध मतदाराची अडचण निराळी असते. त्याच्यासाठी मतपत्रिकेवर बसविण्याचा, ब्रेल लिपीतील खुणांचा एक साचा असतो. साचा असला, की दुसऱ्या कोणाच्या मदतीवाचून त्याला गुप्त मतदान करता येते. परंतु 2019 साली बहुतेक मतदारांच्या हाती पाच मतपत्रिका पडल्या आणि साचे मात्र दोहोंसाठीच होते. उरलेल्या तिन्हींसाठी सोबत्यावर विसंबणे आले. मत गुप्त राखण्याचे वचन सोबत्याला लिहून द्यावे लागते, हे खरे. पण सांगितलेल्याच नावावर भोक पडले, याची खात्री अंध मतदाराने कशी करून घ्यावी? हा प्रश्न अंध निरीक्षकाच्या मनात सर्वांआधी उभा राहतो, कारण तो त्याचा स्वतःचा प्रश्न असतो.

दुपारी मतदान संपले, की तेथेच सर्वांसमक्ष मोजणी सुरू होते. एक कर्मचारी मतपत्रिका उंच धरून मत मोठ्याने पुकारतो; दुसरा समोर लावलेल्या मोठ्या कागदावर रेघ ओढतो. अंध निरीक्षक पुकार ऐकू शकतो, तर कर्णबधिर निरीक्षक रेघा मोजू शकतो. एकाच मोजणीवर असा दुहेरी पहारा बसतो.

अपंगांना या कामात घेणे म्हणजे त्यांच्यावर उपकार करणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात सार्वजनिक जीवनात भाग घेण्याचा त्यांचा हक्क नमूद आहे. इंडोनेशियाने तो करार 2011 मध्ये स्वीकारला आणि 2016 च्या कायद्याने निवडणुकीच्या प्रत्येक टप्प्यात भाग घेण्याचा हक्क त्यांना दिला.

भारतातील मतदानयंत्रांवरही ब्रेल लिपीतील अंक असतात. ते नीट वाचता येतात की नाही, याची खरी पारख बोटांनी वाचणाराच करू शकेल. ज्याच्या वाटेत अडथळा येतो, त्यालाच तो प्रथम कळतो. म्हणून निवडणुकीच्या पहारेकऱ्यांत त्याला मानाचे स्थान असले पाहिजे.

स्वाध्याय

1. निरीक्षकाने कोणती पथ्ये पाळावयाची असतात?
2. साचा नसल्यास अंध मतदाराची कोणती अडचण होते?
3. तुमच्या शाळेत मतदान केंद्र असल्यास चाकांच्या खुर्चीवरील मतदाराला कोठे अडथळा येईल? पाहणी करून दहा ओळी लिहा.