विमानाच्या उतरणीचा कोन

धावपट्टी ढगांनी किंवा पावसाने झाकली गेली असता वैमानिकाला उपकरणांच्या आधारे विमान खाली आणावे लागते. 'आय. एल. एस.' ही यंत्रणा त्याला धावपट्टीची दिशा आणि उताराची रेषा या दोन्ही गोष्टी दाखविते. मात्र काही ठिकाणी जमिनीवरील यंत्रणेकडून केवळ दिशाच मिळते. अशा उतरणीस 'नॉन-प्रिसिजन' म्हणतात. तीत उताराचा हिशेब आधी करून ठेवावा लागतो.

हा हिशेब किती मोलाचा आहे, हे ६ ऑगस्ट १९९७ रोजी ग्वाम बेटावर दिसून आले. तेथील उताराची रेषा दाखविणारी यंत्रणा त्या वेळी बंद होती. टप्प्याटप्प्याने उंची कमी करीत यावयाचे होते. रात्रीच्या पावसात उतरणारे बोइंग ७४७ विमान ठरवून दिलेल्या किमान उंचीच्याही खाली गेले आणि धावपट्टीच्या सुमारे तीन सागरी मैल अलीकडे टेकडीवर आदळले. २५४ जणांपैकी २२८ जण प्राणास मुकले.

कोन काढण्याची रीत शाळेतील काटकोन त्रिकोणाचीच आहे. समजा, धावपट्टीपासून ५ सागरी मैलांवर विमान तिच्या पातळीहून १,६४० फूट उंच आहे व धावपट्टीच्या टोकावर ते ५० फुटांवर यावयास हवे. म्हणजे १,५९० फूट उतरावयाचे आहे. एक सागरी मैल सुमारे ६,०७६ फुटांचा. त्यामुळे आडवे अंतर ३०,३८० फूट झाले. उंचीस अंतराने भागल्यास ०.०५२३ येतात. हे जवळजवळ ३ अंशांच्या कोनाचे 'टॅन' गुणोत्तर होय.

या कोनात दर मैलास ३१८ फूट उतरावे लागते. जमिनीच्या संदर्भात वेग १२० नॉट, म्हणजे मिनिटास २ मैल असल्यास, उतरणीचा दर मिनिटास ६३६ फूट होतो. समोरच्या वाऱ्याने हा वेग घटला, तर दरही त्याच प्रमाणात कमी ठेवावा लागतो. ३ मैलांवर विमान धावपट्टीहून सुमारे १,००४ फूट उंच असले पाहिजे. उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवीत असल्याने त्यात धावपट्टीची उंची मिळवावी लागते.

तथापि काढलेला कोन किमान उंचीची जागा घेऊ शकत नाही. वाटेतील प्रत्येक टप्प्याची किमान उंची पाळली जाते की नाही, हे तपासणे आवश्यक असते. अखेरच्या किमान उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी दृष्टीस पडली नाही, तर विमान पुन्हा वर नेणे हाच नियम आहे. साध्या भागाकाराने वाट आखता येते. परंतु त्या वाटेवर प्रवाशांचे प्राण सुरक्षित राहतात ते या शिस्तीमुळेच.