फुटबॉलच्या सट्ट्यात तरी पैसा आहे का?

देवगाव रंगारीत मी बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. कपाशीचे पैसे, पीकविमा, निराधारांचं अनुदान काढून देणं हे रोजचं काम. क्रिकेटच्या सट्ट्यात हात पोळलेली पोरं हल्ली विचारतात, "दादा, फुटबॉलमध्ये तरी पैसा आहे का?"

आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची. हिवाळ्यात चॅम्पियन्स लीगचे सामने आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात. गव्हात दारं धरणाऱ्याच्या एका हातात फावडं, दुसऱ्या हातात मोबाईल.

आता हिशेब. क्रिकेटला दोन घरं, म्हणजे दोनच निकाल. दोन्हींना 1.90 भाव, म्हणजे लागला तर रुपयाला 1.90 परत, असेल तर नुसतं बरोबरीत राहायला शंभरातले जवळपास 53 अंदाज बरोबर यावे लागतात. फुटबॉलला घरं तीन. समजा यजमान 2.10, ड्रॉ 3.30, पाहुणे 3.50. प्रत्येक भावाने 100 ला भागा आणि बेरीज करा: 106.5 येते. शंभराच्या वरचं ते सगळं सट्टेवाल्याचं. मोठ्या लीगमध्ये हा कट कमीही असतो. मटक्यात आकडे दहा आणि लागला तर एकाला नऊ. त्या मानाने फुटबॉल स्वस्तच म्हणायचा.

पण पोरं एकेक सामना खेळतात कुठे? चार सामने जोडून लावले की कटही चारदा गुणला जातो. वरच्याच भावांनी शंभरातले सरासरी 78 रुपये परत येतात. त्यात या खेळात गोल मोजके, एका चेंडूने सामना फिरतो. 22 नोव्हेंबर 2022 ला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 ने हरवलं, आणि विश्वचषक त्याच अर्जेंटिनाने नेला!

कोणीच जिंकत नाही असं मात्र नाही. टोकियो विद्यापीठातल्या एका संशोधकाने साथीदारांसह सट्टा कंपन्यांच्याच भावांतल्या फरकावरून फुटबॉलमध्ये नफा काढून दाखवला. 2017 मध्ये त्यांचा निबंध आला. पण जिंकायला लागल्यावर कंपन्यांनी त्यांच्या खात्यांवर मर्यादा घातल्या. हरणाऱ्याला बोनस आणि जिंकणाऱ्याला दार बंद, असा हा धंदा.

फायद्यात असल्याचं शपथेवर सांगणाऱ्या एका भाच्याला मी त्याचंच स्टेटमेंट काढून दिलं. गेलेल्या रकमा लाल पेनाने, आलेल्या निळ्याने. पान लालेलाल झालं. दोनशे, पाचशे गेलेले त्याच्या ध्यानातच नव्हते, आलेले तेवढे पाठ. तुम्हीही हे करा; ॲपमधला बॅलन्स बघू नका, बँकेचा कागद बघा.

ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, म्हणून पोरं निर्धास्त. पण आता उरलेत ते चोरटे ॲप. जिंकलेली रक्कम कुठल्यातरी अनोळखी खात्यातून येते. ते खातं फसवणुकीत सापडलं की परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचंही खातं होल्ड होतं. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन करा. आणि असले पैसे फिरवायला महिन्याला काही हजार देतो म्हणून कोणी तुमचं पासबुक, एटीएम आणि सिम मागायला आला, तर देऊ नका. पीकविमा त्याच खात्यात येतो, आणि होल्ड काढणं माझ्या मशीनच्या हातात नाही.