निकडीचे काम व महत्त्वाचे काम

“वेळ पुरत नाही” ही तक्रार आपण सर्वच करतो. परंतु वेळ जातो कोठे, याचा हिशेब फार थोडे जण ठेवितात. जे काम दारात उभे राहून हाका मारते ते निकडीचे. जे हाक मारीत नाही, पण न झाल्यास पुढे घरास बाधते, ते महत्त्वाचे. पहिल्याच्या गडबडीत दुसरे राहून जाते.

जव्हार तालुक्यातील साखरशेताकडील भातशेती घ्या. जमीन डोंगरउताराची व पाऊस मुसळधार. बांधास पडलेले खेकड्याचे बीळ उन्हाळ्यात चार पाट्या मातीने बुजते. पण ते दिवस लग्नसराईचे व पाहुण्यांचे. पुढे श्रावणात बांध फुटतो, खाचरातील पाण्याबरोबर खतही वाहून जाते आणि चार माणसांस भर पावसात दिवसभर राबावे लागते. ही निकड आपणच निर्माण केलेली असते.

निकडीचे ते सर्व हलके, असे मात्र समजू नये. 21 ते 25 दिवसांच्या रोपांची लावणी निकडीचीही आहे आणि महत्त्वाचीही. उलट, पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकणे, तरंगलेले पोचट बी काढणे व तळचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळविणे, या थोड्याशा कामाची आठवण कोणी करून देत नाही. त्यावर मात्र साऱ्या हंगामाचे रोप अवलंबून असते.

आता आमचीच चूक सांगतो. महसूल खात्यात आम्ही जन्मभर लोकांच्या वारसनोंदी लिहिल्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 149 प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते, हे आम्हांस तोंडपाठ. तरी तीर्थरूप वारल्यावर आमच्या घरची वर्दी “पुढल्या आठवड्यात” म्हणता म्हणता नऊ वर्षे राहिली. तेवढ्यात एक बंधू निवर्तले, वारसांची संख्या वाढली व मने दुरावली. एका अर्जाचे काम दोन वर्षांच्या हेलपाट्यांवर गेले. यात दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे, आमचाच.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक कामास दोन प्रश्न विचारतो: आज न केल्यास काय बिघडेल? आणि पाच वर्षे न केल्यास काय बिघडेल? पहिल्याचे उत्तर “काही नाही” व दुसऱ्याचे “पुष्कळ” असे आले, की ते काम वहीत तारीख घालून लिहावे. आठवडेबाजाराच्या आदल्या रात्री वही उघडावी आणि असे एक तरी काम येत्या आठवड्यात, सकाळच्या पहिल्या प्रहरी, उरकावे.

आरंभ म्हणून आजच आपला सातबारा काढून पाहावा. त्यावर मयताचे नाव अद्याप असेल, तर उद्याचे पहिले काम कोणते, हे निराळे सांगावयास नको.