देऊळ उघडे, तोंड बंद



नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे भाव पडले की आपण सरकारला चार शब्द सुनावतो आणि रात्री निवांत झोपतो. यात विशेष काही आहे, असे आपल्याला वाटतही नाही. पण गोव्यात १९६१ पर्यंत असे बोलणे धोक्याचे होते.

१९३२ मध्ये सालाझार पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी नवी घटना आली आणि फॅसिस्ट वळणाची राजवट पक्की झाली. पक्ष एकच, जोडीला गुप्त पोलीस आणि सेन्सॉर. गोव्यात लग्नपत्रिका छापायलासुद्धा मंजुरी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावला सभेत बोलायला गेलेल्या डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली. त्याच वर्षी ख्रिस्ती घराण्यातील त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांना शिक्षा होऊन पुढे पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले. १९५४ मध्ये 'हे पोर्तुगाल आहे' या एका वक्त्याच्या विधानाचा डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी मेजवानीत निषेध केला. तेवढ्यावरून त्यांनाही अटक करून पोर्तुगालला नेले. १९५५ मध्ये पुण्याहून सत्याग्रहींसह गेलेले नानासाहेब गोरे १९५७ पर्यंत तुरुंगात होते.

याच राजवटीने ख्रिस्तसभेला मात्र मान दिला. १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार केला. देवळे उघडी होती, मिरवणुका निघत होत्या. मग ख्रिस्ती माणसाने तक्रार कशाची करावी?

पोर्तोचे महागुरू अंतोनियो फरेरा गोमेस यांनी १९५८ मध्ये सालाझारांना पत्र लिहून गोरगरिबांचे हाल आणि कामगारांचे हक्क यांविषयी स्पष्ट विचारणा केली. १९५९ मध्ये ते देशाबाहेर गेले आणि त्यांना १९६९ पर्यंत परतू दिले नाही. आपले देऊळ सुरक्षित आहे, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. न्यायसभेपुढे उभ्या राहिलेल्या पेत्राने माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी मानली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५). महागुरूंची वाटही तीच होती.

हुकूमशाही फक्त तुरुंगांवर टिकत नाही. 'आपले बरे चालले आहे ना, मग कशाला बोला' या आपल्या गप्प बसण्यावरही ती टिकते.

कुटुंबात चर्चेसाठी :
१) शेजाऱ्यावर अन्याय होताना आपण कधी गप्प बसलो का? कशाच्या भीतीने?
२) आंबेगावातील म्हाळुंगे पडवळचे बाबू गेनू १९३० मध्ये परदेशी मालाच्या लॉरीपुढे उभे राहिले. साध्या कामगाराला हे बळ कोठून आले असेल?
३) घरातील मुलांना मोकळेपणी प्रश्न विचारता येतात का?