घरातला कवडसा आणि मनाची उभारी

पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडची वयस्क माणसे घरात अडकतात. गुडघे कुरकुरतात, अंगणातले चिरे शेवाळाने निसरडे होतात, मुले मुंबईला असतात. दिवसभर बसून मन स्वतःच्याच दुखण्याभोवती फिरत राहते. अशा रुग्णांना मी औषधांच्या जोडीला एक काम सांगतो : घरात रोज एक छायाचित्र काढा. हल्ली मोबाईलमध्ये कॅमेरा असतोच.

"घरात काढण्यासारखे आहे काय?" असे हटकून विचारले जाते. उघडीप पडली की कौलारू घरातला कवडसा पाहा. कौलांमधली बारीक फट वेडीवाकडी असली तरी खाली पडणारा कवडसा गोलसर दिसतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. बारीक छिद्रातून प्रतिमा उमटते, हेच कॅमेऱ्याचे मूळ तत्त्व. म्हणजे आपले माजघर हाच एक मोठा कॅमेरा!

हंगेरीत जन्मलेले नामवंत छायाचित्रकार आंद्रे केर्टेस यांची पत्नी १९७७ साली वारली. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. पत्नीची आठवण करून देणारा काचेचा एक छोटा अर्धपुतळा त्यांनी न्यूयॉर्कमधील घराच्या खिडकीत ठेवला आणि बदलत्या उजेडात त्याची छायाचित्रे काढली. ती १९८१ साली पुस्तकरूपाने आली.

आपणही एकच जागा निवडावी : खिडकी, देवघर किंवा पडवी. ती सकाळी, दुपारी व तिन्हीसांजेला पाहावी. विजेचा दिवा बंद करून उजेड एका बाजूने येऊ द्यावा. गजांवरचे थेंब, समईची ज्योत, पितळी तांब्या रोज निराळे दिसतील. नजर बाहेर वळली की मनालाही थोडी उसंत मिळते. काढलेले चित्र मुलांना, शेजाऱ्यांना जरूर दाखवावे. त्या निमित्ताने बोलणे होते.

मात्र स्टुलावर चढू नये, सूर्याकडे थेट पाहू नये.

हा विरंगुळा आहे, उपचार नव्हे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक उडाली तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले तर एक दिवसही थांबू नये. १४४१६ या शासनाच्या मोफत दूरध्वनी सेवेवर रात्रीअपरात्रीही बोलता येते.